मोगऱ्याच्या व्याख्येसाठी कल्याणला

कल्याणला जायचे मी महिनाभर टाळत होतो. तिथे राहणाऱ्या आमच्या गुरुजींनी मराठीत वनस्पतिशास्त्राचे पुस्तक लिहिले, त्यातले फुलोऱ्यांचे प्रकरण तपासायचे काम माझ्याकडे आले, आणि मोगऱ्यापाशी मी अडलो. 'कळ्या जोडीने लागतात,' असे गुरुजींनी लिहिले होते. इंग्रजी ग्रंथ तीन कळ्या सांगत होता. छापखान्याला आता आठ दिवसांत पाने परत हवी होती. चैत्रात गुरुजींची पत्नी वारली होती. अशा माणसापुढे त्याची चूक घेऊन जायचे माझ्या जिवावर आले होते.

वैशाखात जाणाऱ्यांनी सकाळची पहिली गाडी धरावी आणि तांब्याभर पाणी जवळ ठेवावे; दहानंतर तिसऱ्या वर्गाचा डबा भाजून काढतो. मी ठाण्याला उतरलो आणि टेंभी नाक्याजवळ मावसभावाकडे मुक्काम केला. खरे सांगायचे तर पुढे जायचा धीर होत नव्हता.

दुपारी कोलशेतच्या वाटेवर बहावा फुललेला दिसला. त्याच्या झुंबरात देठाकडची फुले आधी उमलतात, टोकाला कळ्या राहतात. गुरुजींनी अगदी तसेच लिहिले होते. एवढा काटेकोर माणूस मोगऱ्यापाशी कसा चुकला, ते मला कळेना.

परतताना वाटेत एक बाई मोगऱ्याची टोपली घेऊन बसली होती. कळ्या किती लागतात, म्हणून तिला विचारले.

"तीन. मधली कली पयली भरते, ती आमी आधी खुडतो. मंग दोनच रातात."

दुसऱ्या दिवशी पारसिकचा डोंगर आणि दिवा गावची खारी खाजणे मागे टाकून कल्याण गाठले. स्टेशनाबाहेर टांगे असतात. भाडे आधी ठरवून घ्यावे.

गुरुजी ओसरीवर बसले होते, फार थकलेले दिसले. मी पाने पुढे केली. "गुरुजी, ती मोगऱ्याची ओळ..."

"माहीत आहे. चल," म्हणाले, आणि मला परसात घेऊन गेले.

मोगरा न खुडलेला होता. जागोजागी मधले फूल उमलून तपकिरी पडले होते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक कळी अजून मिटलेली होती.

"ही गेल्यापासून कुणी हात लावला नाही," गुरुजी म्हणाले. "मी पूजा आटोपून कागद घेऊन इथे बसायचो. तोवर हिने मधली फुले देवासाठी खुडून नेलेली असायची. पंचवीस वर्षे तीच फुले मी माझ्या हाताने देवाला वाहिली रे. झाडावर ती कुठे होती, हे मला कळले नाही."

मी ते पान काढून पेन्सिल हाती घेतली. त्यांनी ती ओळ खोडायला लावली आणि नवी सांगितली: 'मधले फूल आधी उमलते आणि तो देठ तेथेच संपतो. बाजूची फुले मागाहून उमलतात.'

"आता बरोबर झाली ना?"

"हो, गुरुजी."

घरी येऊन पाने छापखान्यात दिली. प्रवास दोन दिवसांचा, वाट सोपी, वैशाखात झाडे फुललेली. फुलोरे पाहायचे असतील त्यांनी जरूर जावे. दुसऱ्या दिवशी पूजेला बसलो तर ताटात मोगरा होता. पत्नीला हाक मारून विचारले, ही फुले तू केव्हा खुडतेस?

ती दारात थबकली. लग्नाला अकरा वर्षे झाली. असे मी तिला कधी विचारले नव्हते.