दुसरा आलेख

गिरणीच्या नळीतून काळा धूर निघायचा थांबला, तर हवा स्वच्छ झाली असं तुम्ही म्हणाल का? मी म्हणायचे. बिरादार सर भेटेपर्यंत.

नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला त्यांचा पहिला तास. सर आले ते उजवं बोट काळं करून. बाहेर उभ्या असलेल्या कॉलेजबसच्या सायलेन्सरमधून ते फिरवून आणलेलं होतं. त्याच बोटानं त्यांनी पांढऱ्या फळ्यावर एक वाटी काढली. "ही पिस्टनच्या डोक्यावरची वाटी. डिझेल हितंच जळतंय. हिचा आकार चुकला की ही अशी काजळी." मग बोट रुमालाला पुसत म्हणाले, "हे दिसतंय म्हणून बरं हाय. न दिसणारं लई बेक्कार."

सर निलंग्याचे. त्यांची आई डिझेल इंजिनावर पिठाची गिरणी चालवायची. सरांचं बालपण त्या कोंदट खोलीत, इंजिनाशेजारी गेलं. आई खोकत खोकतच गेली. तसल्याच इंजिनासाठी कमी धुराची वाटी बनवायची, हा त्यांचा ध्यास. खरी वाटी धातूत ओतून बघायची सोय कॉलेजात नव्हती. म्हणून ते कॉम्प्युटरवर वाटी बनवत, तिच्यात डिझेल जाळून बघत, आकार बदलत, पुन्हा जाळत. मी तेव्हा कॉलेजात सरकारविरोधी पत्रकं छापून वाटायचे. दिसले की हाक यायची, "या पत्रकवाल्या बाई! आज कुणाचं सरकार पाडायलात?"

शेवटी एक वाटी जमली. काजळी झपाट्यानं उतरली. लातूरचा एक कारखानदार ती खऱ्या इंजिनात बसवून चाचणी घ्यायला तयार झाला. पण त्या वाटीत आग जास्त तापत होती, आणि त्यामुळे नायट्रोजन ऑक्साइड हा विषारी वायू वाढला होता. तो डोळ्यांना दिसत नाही, छातीला कळतो. सरांनी काजळीचा उतरता आणि वायूचा चढता, असे दोन्ही आलेख शेजारी शेजारी भिंतीवर लावले.

"सर, हा दुसरा काढून टाका की," कारखानदार म्हणाला. "धूर दिसंना झाला की गिऱ्हाईक खूश."

"माझी माय गिऱ्हाईक नव्हती, मालक. ती तिथं श्वास घेत होती."

कारखानदार परत आला नाही. सर पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसले. आता दोन्ही आलेख एकदम खाली आणायचे होते. ते जमायच्या आत त्यांचीच फुप्फुसं थकली.

दवाखान्यात मी संतापून म्हणाले, "सर, डिझेलच तुम्हाला मारतंय, असं छापते मी."

ऑक्सिजनची नळी सावरत ते हसले. "पुरावा हाय का तुझ्यापाशी? डाक्टरापाशीबी न्हाई. मग छापू नको."

म्हणून आजही तसं छापत नाही. राग मात्र गिळलेला नाही.

सर गेले. त्यांची वाटी कॉम्प्युटरच्या पडद्यावरच राहिली. तिच्यात खरं डिझेल एकदाही जळलं नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणी कमी धुराचं इंजिन विकायला आलं आणि नळीपाशी पांढरा रुमाल धरून दाखवू लागलं, तर टाळ्या वाजवू नका. "दुसरा आलेख कुठं आहे?" असं विचारा. आणि तो समोर येईपर्यंत जागचे हलू नका.