काळजातली साखर

"आधी वास घ्या, मग बोला," म्हणत आमचे एक मास्तर कुठलीही वस्तू थेट समोरच्याच्या नाकापुढे धरायचे. तुमच्याही शाळेत असा एखादा मास्तर असेल. संस्थानी अमदानीत भोरच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे, मी संस्कृत. शिक्षकांच्या खोलीत आमचं टेबल एकच. माझ्या नशिबाचे भोग!

एके सकाळी त्यांनी पानांत गुंडाळलेलं बोकडाचं यकृत, खाटीक ज्याला काळीज म्हणतो ते, माझ्या वह्यांशेजारी ठेवलं. पानांतून लाल पाणी झिरपत होतं. मी वह्या उचलून छातीशी धरल्या.

"शास्त्रीबुवा, हे साखरेचं कोठार," ते म्हणाले. "पोट भरलेलं असताना जादा साखर इथं ग्लायकोजन होऊन साठते. उपाशीपोटी राबलात की ते फुटतं आणि पुन्हा साखर होऊन रक्तात उतरतं."

वर्गात त्यांनी ते काळीज, पाण्यात साखर उतरेनाशी होईपर्यंत धुतलं. दुसऱ्या दिवशी त्याला घाण सुटली होती, माश्या घोंगावत होत्या. तरी त्यांनी तुकडा उकळला, त्या पाण्यात साखर ओळखायचं मोरचुदाचं निळं औषध घालून तापवलं. पाणी विटकरी झालं.

"बघा, पुन्हा साखर तयार!"

वेल्ह्याकडचा एक मुलगा ओरडला, "मास्तर, बोकड मेलं तरी काळीज राबतंयच व्हय?"

ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मी दारात उपरणं नाकाला लावून उभा.

पुढच्या एकादशीला मी निर्जळी उपासात नसरापूरहून भोरला चालत निघालो. कापूरहोळ बरंच मागे पडलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. रस्त्यातच बसलो. मागून सायकलवर ते आले.

"कोठार रिकामं झालंय तुमचं," म्हणत त्यांनी गुळाचा खडा स्वतःच्या बोटांनी माझ्या तोंडात घातला आणि तासभर शेजारी उन्हात बसून राहिले.

मी सावरलो. घरी जाऊन राखुंडीने दात घासले, दहा चुळा भरल्या. रक्तात बरबटलेली ती बोटं जिभेवरून जाईनात.

आठवड्याने शाळेच्या चालकांकडे तक्रार गेली, हे मास्तर मुलांना बाटवतात म्हणून. खाली माझीही सही होती.

त्यांना काढून टाकलं. ते निघाले त्या दिवशी मी मोटारीच्या अड्ड्यावर का गेलो, कोण जाणे.

"सही वळणदार आहे हो तुमची," ते शांतपणे म्हणाले. मग मोटारीच्या पायरीवर पाय ठेवत, "उपास असला की एवढं चालू नका. कुणाला तरी बरोबर घेत जा."

किळस म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. काळजाच्या वासाने आली होती ती काहीच नव्हती.

मोटार सुटली. खिडकीतून त्यांनी हात हलवला. माझा हात वर झालाच नाही.