स्वखुशीने

शंभर टक्के निकाल कसा लावतात ते मला ठाऊक आहे, कारण तो लावणाऱ्यांत मी होतो.

आमची शाळा दादरची, हिंदमाताच्या कापडदुकानांपासून चालत दहा मिनिटांवर. खासगी संस्थेची, मराठी माध्यमाची, नाव असलेली. फाटकाशेजारच्या भिंतीवर एक मोठा काळा फळा होता आणि त्यावर तैलरंगात दर वर्षीचा शालान्त परीक्षेचा निकाल लिहिलेला असे. अक्षरं इतकी ठसठशीत की जाणाऱ्या ट्राममधून वाचता यावीत. लोक वाचत आणि जून महिन्यात आपापल्या मुलांना घेऊन दारात उभे राहत. त्यांना वाटे, इथं चांगलं शिकवतात. आम्ही वाईट शिकवत नव्हतो, पण इतर शाळांतल्या मास्तरांपेक्षा काही निराळंही शिकवत नव्हतो. निराळं होतं ते दुसरंच. दिवाळीनंतर आम्ही अकरावीची चाचणी घेत असू आणि तिच्यात जो घसरेल त्याचा बोर्डाचा फॉर्म भरत नसू. मार्चच्या परीक्षेला बसलेल्यांपैकी किती पास झाले, तेवढंच फळ्यावर येई. ज्यांना बसूच दिलं नाही त्यांच्यासाठी फळ्यावर जागा नव्हती.

शिक्षण खात्याचा इन्स्पेक्टर मात्र कधीकधी विचारी, जूनला पटावर इतकी मुलं होती, ती गेली कुठं? त्यावर हेडमास्तरांनी तोड काढली होती. गाळलेल्या मुलाच्या बापाकडून अर्ज घ्यायचा. ‘माझा पाल्य इयत्ता अकरावीत शिकत असून घरगुती अडचणीमुळे त्यास यंदा परीक्षेस न बसवता मी शाळेतून स्वखुशीने काढून घेत आहे.’ खाली सही, नाहीतर अंगठा. हा मजकूर माझा. ‘स्वखुशीने’ हा शब्द मीच घातला. हेडमास्तर म्हणाले होते, “अहो, नुसतं ‘काढून घेत आहे’ बरं दिसत नाही. थोडा गोडवा आणा त्यात.” मी गोडवा आणला. माझं अक्षर चांगलं होतं, म्हणून अर्ज लिहिण्याचं कामही माझ्याकडेच आलं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, गणिताचा मास्तर, अजून कायम न झालेला. जूनमध्ये कायम करू, असं मला सांगण्यात आलं होतं.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. आज मोर्चा, उद्या हरताळ, परवा शिवाजी पार्कला सभा. आमच्या संस्थेचे अध्यक्ष मराठी भाषेवर बोलायला उभे राहिले की टाळ्या थांबत नसत. मीही घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. त्यांची मला आज लाज वाटत नाही, ती मागणी खरी होती. लाज वाटते ती याची, की सभेहून घरी येऊन मी ते अर्ज लिहीत बसे, आणि तेही शुद्ध मराठीत.

अकरावीत एक मुलगी होती. नायगावच्या चाळीत राहणारी, वडील गिरणीत सूत कातण्याच्या रिंग खात्यात. त्या घरानं नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. सातवीपर्यंत ती म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकली आणि आठवीला आमच्याकडे आली. आठवीची तुकडी भरायची म्हणून आम्ही अशी मुलं घेत असू आणि अकरावीत फळ्यासाठी गाळत असू. तिला नर्स व्हायचं होतं. परळच्या एका मोठ्या इस्पितळात नर्सचं शिक्षण मिळे, राहण्याजेवणासकट. मॅट्रिक पास हवं, ही अट. हे मला ठाऊक होतं, कारण तिनं एकदा भर वर्गात विचारलं होतं, “सर, नर्सला भूमिती लागते का हो?”

वर्ग हसला. मी म्हणालो, “नर्सला मॅट्रिक लागतं. आणि मॅट्रिकला भूमिती लागते.”

“म्हणजे लागतेच की,” ती म्हणाली आणि वही उघडून बसली.

ती नर्स झाली नाही. पुढं एका गिरणीत, सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग खात्यात लागली, असं मला कळलं. हे आधीच सांगून टाकतो. वाचणाऱ्याला आशेवर ठेवण्याचा मला हक्क नाही.

चाचणीत तिला भूमितीत अठ्ठावीस गुण पडले. पास व्हायला पस्तीस हवेत. पेपर मीच काढला होता, मीच तपासला. त्यात स्पर्शिकेवरची दोन उदाहरणं होती, आठ-आठ गुणांची. ती मी वर्गात कधीच घेतली नव्हती. घेतली होती ती शिकवणीत. प्रभादेवीला माझ्या खोलीवर सकाळी आमच्याच वर्गातली सात-आठ मुलं-मुली येत, डॉक्टरांची, वकिलांची, कचेरीतल्या साहेबांची. माझ्या शिकवणीचं नाव राहायचं तर ती मुलं चाचणीत चमकायला हवी होती. म्हणून पेपरात जे येणार ते त्यांच्याकडून आधी दोनदा करून घेतलं. बाकीच्या वर्गानं ती उदाहरणं पाहिली ती थेट पेपरात. त्यांतलं एक जरी तिला सुटलं असतं तरी ती पास होती.

शिक्षकांच्या खोलीत गाळलेल्यांची यादी वाचली गेली. तिचं नाव आल्यावर इतिहासाचे मास्तर म्हणाले, “धर्म बदलला, पण गणित काही बदललेलं दिसत नाही.” सगळे हसले. मीही हसलो. गणित बदललं होतं आणि ते मी बदललं होतं, हे त्या खोलीत मला एकट्यालाच ठाऊक होतं.

आज मी पन्नाशीला आलो आहे. माझ्या गल्लीत दोन खोल्यांची इंग्रजी शाळा निघाली आहे आणि तिथं तीन वर्षांच्या पोराची मुलाखत घेतात. सोबत त्याच्या आईबापाचीही घेतात. माझ्या बरोबरीची माणसं चारचौघांत सांगतात की खासगी शाळांमुळे शिक्षणाचा दर्जा वाढला. मी गप्प ऐकतो. दर्जा वाढला नाही हो, गाळणी बारीक झाली. म्युनिसिपालिटीच्या मास्तराला दारात येईल त्याला शिकवावं लागे. आम्ही त्याच्याकडून हवी तेवढी मुलं घेतली आणि नकोशी झाली तेव्हा रात्रशाळेच्या दारात नेऊन सोडली. मग रात्रशाळेच्या निकालाला नावंही आम्हीच ठेवली. हे सगळं मी आज म्हणतो. तेव्हा माझ्या हातात टाक होता आणि मी अर्ज लिहीत होतो.

तिचे वडील सही करायला आले ते पहिली पाळी संपवून थेट गिरणीतून. केसांत कापसाची पिंज. ऑफिसात मी आणि कारकून दोघंच होतो. मला पाहताच त्यांचा चेहरा खुलला.

“मास्तर, परवा तुमी पार्कावर व्हता ना? आमच्या म्होरंच व्हता. काय वरडत व्हता! मी पोरीला बोललो, तुजं मास्तर आपलं मानूस हाय.”

“होतो ना,” मी म्हणालो.

“मंग? मुंबई घेनार का न्हाय आपन?”

“घेणार तर!”

कारकुनानं अर्ज पुढं सरकवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, पण वाचला नाही. चाळीतल्या साक्षरतेच्या वर्गात ते सही करायला शिकले होते, त्यापुढं गेले नव्हते.

“ह्यो कशाचा म्हनायचा?”

कारकून माझ्याकडे पाहू लागला. खरं सांगायला मला चार शब्द पुरले असते. मी म्हणालो, “परीक्षेसंबंधीचा आहे.”

यात खोटं काही नाही, असं मी त्या क्षणी स्वतःला बजावलं.

“मंग द्या की पेन. अंगठा न्हाय हां मास्तर, सही. पोरीनं दम दिलाय, मॅट्रिकच्या फारमावर बापाचा अंगठा दिसाया नको.”

तेव्हा मला कळलं की ते याला परीक्षेचा फॉर्म समजताहेत. मी पेन दिलं. ते खाली वाकून एकेक अक्षर जोडत गेले, शेवटी वरची रेघ ओढली, फुंकर मारली आणि कागद मला दाखवला. “बराबर हाय?”

“बरोबर आहे.”

ते मला नमस्कार करून गेले. कारकून कागद फायलीला लावत म्हणाला, “मास्तर, तुम्ही इथं कुजताय. वकील व्हायला हवं होतं.”

दुसऱ्या दिवशी हजेरीत तिचं नाव घेतलं गेलं नाही. मधल्या सुटीत तिनं मला जिन्यात गाठलं.

“सर, माझं नाव राहिलं.”

“चाचणीत गुण कमी पडले ना तुला.”

“ते माहीत आहे. पण बाबांनी काल फॉर्मवर सही केली.”

“तो फॉर्म नव्हता.”

“मग काय होतं?”

मी अर्जात काय आहे ते सांगू लागलो. ‘स्वखुशीने’ म्हटल्यावर तिनं मला अडवलं.

“कोणाच्या खुशीनं?”

मी एक पायरी खाली उतरलो. तीही उतरली.

“बाबांनी काल सगळ्या चाळीला सांगितलं, फॉर्म भरला म्हणून. आईनं साखर वाटली. आता घरी जाऊन मी काय सांगू? तुम्हीच चला सांगायला. तुम्ही आपलं माणूस ना!”

खालून मुलं वर येत होती, आमच्याकडे पाहत होती. मी म्हणालो, “हळू बोल.” ती हळू झाली नाही. तिनं पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढं धरला. स्पर्शिकेची दोन्ही उदाहरणं होती, आकृतीसकट.

“तुमच्या शिकवणीतल्या एकीच्या वहीत बघितलं कसं करायचं ते. एकदाच बघितलं. ती म्हणाली, सरांनी आमच्याकडून दोनदा करून घेतलं. मग वर्गात का नाही घेतलंत?”

“वेळ नव्हता.”

“त्यांच्यासाठी होता?”

मी कागद तपासला. सवयीनं तपासला, चूक सापडावी म्हणून. दोन्ही बरोबर होती. दुसरं तर तिनं माझ्यापेक्षा दोन पायऱ्या वाचवून सोडवलं होतं.

“बरोबर आहे?” तिनं विचारलं.

“बरोबर आहे.”

“मग हेडमास्तरांना एवढंच सांगा. हे वर्गात झालं नव्हतं आणि हिला आता येतंय. मार्चला अजून वेळ आहे सर. मी नापास झाले तर तुम्हांला पुन्हा तोंड दाखवणार नाही. फॉर्मची तारीख कधी आहे?”

“उद्या शेवटची.”

“म्हणजे आजच बोलायला हवं.”

“बोलतो.”

“नक्की?”

“बोलतो म्हटलं ना!” मी खेकसलो. ती जराशी मागं सरली. मग म्हणाली, “कागद तुमच्याकडंच ठेवा. दाखवायला लागेल.”

शाळा सुटल्यावर मी हेडमास्तरांच्या दारात उभा राहिलो. ते भरलेले फॉर्म जुळवून त्यांच्या गठ्ठ्याला फीत बांधत होते. कागद माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. चार वाक्यं मी जिन्यातच मनाशी जुळवली होती. ‘दोन उदाहरणं मी वर्गात घेतली नव्हती. शिकवणीत घेतली होती. चूक माझी आहे. तिचा फॉर्म भरा.’ एवढं बोलून झाल्यावर माझं काय होईल, तेही मी जुळवून पाहिलं होतं.

“या, या,” ते म्हणाले. “बरं झालं आलात. तुमचा कायम करण्याचा विषय मी समितीपुढं ठेवतो आहे. अध्यक्षसाहेब खूष आहेत तुमच्यावर. यंदाही शंभर टक्के होणार म्हणाले. बसा ना.”

मी बसलो नाही.

“बोला. काही विशेष?”

मी म्हणालो, “उद्याची रजा हवी होती.”

“का हो?”

“आईची तब्येत जरा बरी नाही.”

“अहो मग घ्या की! विचारायचं काय त्यात?”

आई ठणठणीत होती. दुसऱ्या दिवशी मी खोलीतून बाहेर पडलो नाही आणि घरी का आहेस, असं तिनं दोनदा विचारलं तेव्हा शाळेला सुटी आहे, असं तिलाही खोटंच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी फाटकातून आत शिरताना शिपायानं मला थांबवलं.

“मास्तर, तुमची एक पोरगी काल सकाळपासून हितं उभी व्हती. ऑफिस बंद होईस्तवर. मी बोललो, बाय, सर रजेवर हायत, घरी जा. ती बोलली, येतील.”