सुवार्तिकाने आणलेली बातमी

नववीत शाळा सुटली आणि विदर्भातलं गाव सोडून मी पुण्याला आलो. हिंजवडीच्या एका कंपनीत टेबलं पुसायचं, पाणी भरायचं काम मिळालं. राहायला मात्र पार दुसऱ्या टोकाला, कात्रजला, कारण गावाकडची दोन पोरं आधीपासून तिथे होती. खाली घरमालक राहायचे, एकटेच. पांढरा सदरा, गळ्यात लहानसा क्रूस, खांद्याला कापडी पिशवी. अख्खी गल्ली त्यांना फादर म्हणायची. ते न चिडता दर वेळी सांगायचे, फादर नाही, पाळकही नाही, मी सुवार्तिक.

एकदा मी अर्थ विचारला. पाळकाला चर्चची मंडळी असते, ते म्हणाले, रविवारी ती त्याच्याकडे येते. सुवार्तिकाकडे कोणी येत नाही, त्यालाच जावं लागतं, चांगली बातमी घेऊन. आणि ती बातमी पाठवायची नसते, आपण न्यायची असते, समोरच्याच्या तोंडाकडे बघत सांगायची असते. मला जरा गंमत वाटली होती. आमच्या कंपनीत शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही लोक ईमेल करायचे.

मला त्यांनी कधी धर्माचं काही सांगितलं नाही. उलट एकदा वर आले, आमच्या गणपतीच्या फोटोवरची धूळ बघितली आणि म्हणाले, "अरे, निदान तुमच्या देवाला तरी पुसत जा. कंपनीची टेबलं पुसताच ना?"

गावाचा फोन त्यांच्याकडेच यायचा. फोन आला की मला आधी वाईटच सुचायचं. त्यांना ते माहीत होतं, म्हणून जिन्यातून हाक मारतानाच ते सांगून टाकायचे, सगळं ठीक आहे रे, ये.

त्या मे महिन्यात, दुपारी, कंपनीच्या गेटवरून निरोप आला की कोणीतरी भेटायला आलंय. जाऊन बघतो तर ते. दोन बस बदलून, उन्हातून आले होते. वॉचमनने त्यांना प्रचाराला आलेत समजून अडवलं होतं. आजोबा, इथल्यांचा देव अमेरिकेत बसतो, तुमचं पुस्तक इथे खपायचं नाही, असं वर ऐकवलंही होतं. ते बाजूला उभे राहिले होते.

मला त्यांनी झाडाखालच्या कट्ट्यावर बसवलं. जेवलास का, विचारलं. मग म्हणाले, गावाहून तुझ्या चुलतभावाचा फोन होता, आईबद्दल.

"सिरीयस आहे का?" मी विचारलं.

आमच्याकडे मरणाची बातमी लांबच्या माणसाला कोणी सांगत नाही. सिरीयस आहे, निघ, एवढंच सांगतात. याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो, तरी वाटेत कोणी तो मनावर घेत नाही. गाव येईपर्यंत माणूस नवस बोलत बसतो.

चुलतभावाने त्यांना बजावलं होतं, त्याले सांगू नका जी, सिरीयस हाये म्हणा. त्याचे हे शब्द मला नंतर कळले.

"तसंच सांगा म्हणाला तो," ते म्हणाले. "पण तसं नाही, बाळा. आई गेली. सकाळी पाणी भरताना पडल्या, त्या उठल्याच नाहीत."

मी त्यांच्यावर ओरडलो. तुम्हाला कोणी सांगितलं होतं खरं बोलायला, असं काहीतरी. ते हलले नाहीत.

समोरच्या बूथवरून गावी फोन लावला. चुलतभाऊ आधी चाचरला, मग रडायला लागला. तू येईस्तोवर ठेवतो म्हणाला. मे महिना, आमच्याकडचं ऊन, आणि मी पोचणार दुसऱ्या दिवशी. गावात कोणालाच थांबू नका म्हणायचा अधिकार नव्हता. मुलगा म्हणून तो मलाच होता. सिरीयस समजून निघालो असतो, तर मी बसमध्ये आणि ती अंगणात, तशीच. मी म्हणालो, "थांबू नका. बाबांना अग्नी द्यायला सांगा."

तिचं तोंड मला दिसलं नाही. आज इतकी वर्षं झाली तरी हे सलतं, आणि तरी त्या माणसाचे उपकार फिटायचे नाहीत.

शिवाजीनगरच्या स्टँडवर ते माझ्याबरोबर बसून राहिले. मला वाटलं, आता प्रार्थना करतील. मी म्हटलं, तुम्हाला आज वाईट बातमी आणावी लागली. ते म्हणाले, "हो. आयुष्यभर चांगलीच न्यायची असं ठरवलं होतं." डोळे पुसले आणि मग विचारलं, "आई कशी होती तुझी?"

मी सांगायला लागलो. ती भाकरी थापताना स्वतःशीच बोलायची, तिला पुणं म्हणजे समुद्रापलीकडे वाटायचं, मी निघालो तेव्हा ती फाट्यापर्यंत आलीच नाही, मागच्या दारी भांडी घासत बसली. गाडी लागली तरी माझं संपत नव्हतं. ते गाडीत चढले, शेजारच्या रिकाम्या सीटवर बसले आणि कंडक्टरने उतरा म्हणेपर्यंत ऐकत राहिले.