मुकी पट्टी

आमचा ॲकॉर्डियन सर्कशीतून आला. सोलापुरात सर्कस उतरली होती, तिच्या बँडमधल्या एका वादकाला तो जड डबा गळ्यात घालून उभं राहायचा कंटाळा आला होता, आणि माझ्या थोरल्या भावाला पेटीपुढं मांडी घालून बसायचा. दोघांनी एकमेकांच्या गळ्यात आपापली अडचण मारली. आमची पेटी सर्कशीबरोबर गेली आणि ॲकॉर्डियन गिरणीच्या चाळीतल्या आमच्या खोलीत आला. तंबू हलल्यावर भावाच्या लक्षात आलं, की मधली एक काळी पट्टी वाजतच नाही. दाबली की नुसती फुस्स हवा.

"तरी म्हनलं," आई म्हणाली, "त्यो मानूस येवडा हसत का गेला!"

मंगळवार पेठेत पेट्या दुरुस्त करणाऱ्यानं झाकण उघडलं, आत बघितलं आणि परत लावलं. असला सुटा भाग त्याच्याकडं नव्हता. गाणं दुसऱ्या सुरातून धरावं, तर आम्ही दोघं भाऊ ज्या ऑर्केस्ट्रात वाजवायचो, त्याच्या गायकाचा गळा तिथं पोचत नव्हता. मग भावानं आपली वाट काढली. तो सूर आला की गिळून टाकायचा, भाता जागच्या जागी रोखायचा आणि पुढच्या सुरावर झटक्यानं उतरायचं. एका गाण्याच्या मधल्या तुकड्यात तर तो सूर ऐन मोक्याला यायचा. भाऊ तिथं थांबला, की लोकांना वाटायचं ही ह्याची खास ढब. श्रीपूरला साखर कारखान्याच्या मोळीपूजनाला ह्या थांबण्यावर शिट्टी पडली होती. मी मागं खुळखुळे हलवत उभा होतो आणि मला हसू आवरत नव्हतं. आमची फजिती लोकांना कला वाटत होती.

तो तुकडा आम्ही शेजाऱ्यांच्या रेडिओवरून उचलला होता. रेडिओवाले गायकाचं नाव सांगत, संगीतकाराचं सांगत, गीत कुणी लिहिलं तेही सांगत. मध्ये जो जीव तोडून ॲकॉर्डियन वाजवायचा, त्याचं नाव कुणी घेत नसे. भाऊ त्याला 'आपला मानूस' म्हणायचा. भाता उलटवताना हा गडी किंचित उशीर करतो, एवढ्या खुणेवरून तो त्याला ओळखायचा.

"ऐक, ऐक. आपला मानूस हाय बग!"

"कशावरनं?"

"तुला कान हायती का खुट्या?"

मला कान होते. पण खरं सांगायचं तर माझा आपला माणूस रेडिओत नव्हताच. तो खोलीत बनियनवर बसून वाजवत होता. सगळे तुकडे मी त्याच्याकडूनच शिकलो, त्याच ॲकॉर्डियनवर. त्यामुळं ते थांबणंसुद्धा माझ्या बोटांत जसंच्या तसं उतरलं.

दुष्काळ सरला त्या सुमाराला भावाला कावीळ झाली. आधी झाडपाला, मग अंगारा, मग दवाखाना. आपल्याकडचा जो क्रम असतो तोच. दवाखान्यातून तो परत आला नाही.

मी रडलो नाही. रडायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं, आलंच नाही. आलेल्या बायका माझ्याकडं बघून पदराआडून बोलत होत्या. आई एकदा म्हणाली, "रड की रं लेकरा. आसा धोंडा हुन बसू नगंस." मी हो म्हणालो आणि पाण्याची घागर भरायला नळावर गेलो. जेवत होतो, झोपत होतो. दिवस झाले आणि ऑर्केस्ट्राच्या मालकानं भावाच्या जागेवर बसशील का म्हणून विचारलं, तेव्हाही हो म्हणालो. कुणी काही विचारलं तरी मी त्या काळात होच म्हणत होतो. मंगळवेढ्याला पहिला कार्यक्रम झाला. त्या तुकड्यात बोटं आपोआप थांबली, शिट्टी आली. मला काही वाटलं नाही. कुणीतरी दुसऱ्याच्या लग्नात वाजवतंय तसं वाजवून मी यष्टीत बसलो.

अशी दोनेक वर्षं गेली. मग मालकानं मुंबईहून इलेक्ट्रिक ऑर्गन आणला. गावातला तो पहिलाच, असं मालक सांगायचा. मालक बरंच काही सांगायचा. लाकडी पेटीत चार पाय वेगळे, वायर वेगळी. बटण दाबलं की आतला लाल दिवा लागायचा. त्याला भाता नव्हता. ओढायचं नाही, ढकलायचं नाही, बोट ठेवलं की आवाज, उचललं की संपला. गावातले माग चालू असले, की विजेचा दाब उतरायचा आणि ऑर्गनचा सूरही थोडा खाली बसायचा, एवढीच त्याची खोड. बाकी माझ्या त्या वेळच्या तब्येतीला ते वाद्य फार मानवलं. काही वाटायची गरजच नव्हती.

पण मालकाला कान होते. पहिल्याच तालमीत त्यानं हात वर केला.

"तितं का थांबतुयास?"

"तसंच वाजवतो आपण."

"आरं, तवा पट्टी मुकी हुती. आता समद्या पट्ट्या बोलत्यात की! लोक आता रेकॉर्डी ऐकून येत्यात. रेकॉर्डीत हाय तसं वाजव."

मालकाचं लाउडस्पीकरचं दुकान होतं, तिथं बसून मी रेकॉर्ड ऐकली. तो सूर तिथं होता, स्वच्छ. रेडिओवरही तो कायमच असणार, पण माझ्या कानांनी तो कधी ऐकलाच नव्हता. मी ऑर्गनवर बसलो. बोट त्या पट्टीवर जाईना. पुन्हा केलं, पुन्हा तिथंच थांबलो. मालक तसा वाईट माणूस नव्हता. तो शांतपणे म्हणाला, "गणपतीतल्या कार्यक्रमाला बरुबर आलं पायजे. न्हाय आलं तर अक्कलकोटचा येक पोरगा हाय, त्याला बसवतो. वाईट वाटून घेऊ नगं." मी वाईट वाटून घेतलं नाही. फक्त भावाची जागा जाईल, एवढं कळलं. आणि जागा राखायची तर त्याचं थांबणं पुसायचं, हेही.

ऑर्गन हातगाडीवर घालून घरी आणला. खोलीत बल्बच्या होल्डरला वायर जोडली. सकाळची वेळ, गिरणीचा भोंगा होऊन गेलेला, आई चुलीपुढं भाकरी थापत होती. मी तो तुकडा वाजवायला घेतला. नुसतं ते एक बोट, पुन्हा पुन्हा, घोड्याला पाण्याजवळ ओढावं तसं. कधीतरी ते पट्टीवर पडलं. मग पडत राहिलं. सगळा तुकडा सलग वाजला, रेकॉर्डसारखा, कुठंही न अडता. मी मुद्दाम आणखी एकदा वाजवला.

"चुकलं की रं," आई म्हणाली. तिनं मागं वळूनही बघितलं नाही.

"नाही आई. हेच बरोबर आहे. रेकॉर्डमध्ये असंच आहे."

"आसंल की बरुबर. मला काय कळतंय त्यातलं." तिनं पिठाचे हात परातीत झटकले. "पर तितं थांबत हुता त्यो. त्यो थांबला की मी भाकरी उलटायची. लई बरुबर यायचं. आता बग, करपली."

खोलीत करपल्याचा वास आला होता. माझे दोन्ही हात ऑर्गनवर पडले, त्यामुळं हाताखालच्या सगळ्या पट्ट्या एकदम दबल्या आणि तो लांबलचक भसाडा आवाज थांबेचना. तो थांबवायला हात उचलावा लागतो हे मला सुचेना. माझ्या तोंडातून काय निघत होतं ते त्या आवाजात ऐकू येत नव्हतं. आईनं उठून वायर ओढली, तेव्हा ऐकू आलं. मी रडत होतो. शेजारी दारात जमा होईपर्यंत रडत होतो. आईनं पिठाच्या हातानंच माझं डोकं पोटाशी धरलं आणि शेजाऱ्यांना म्हणाली, "काय न्हाय. जावा."

गणपतीत मी रेकॉर्डप्रमाणेच वाजवणार होतो. त्यात आता बदल नव्हता, जागा राखायची होती. पण ते पुढचं. थोड्या वेळानं आईनं करपलेली भाकरी बाजूला ठेवली, नवा गोळा थापला, तव्यावर टाकला, वरून पाण्याचा हात फिरवला.

"वाजव," ती म्हणाली.

मी वायर जोडली आणि वाजवायला लागलो. तिथं आलो. थांबलो. तिनं भाकरी उलटली.