उमापूरचे अठरा

"त्या पोरीलाच सही करू द्या दाजी, तिचं इंग्लिश चांगलं हाय. आन् उद्या काही झालंच, तर नाव तिचंच हाय की."

प्लायच्या पार्टिशनपलीकडून मालकांचा मेव्हणा बोलत होता. माझं टेबल अलीकडे होतं. मी फारसं बोलत नसे, आणि न बोलणाऱ्या माणसाला ऐकूही येत नाही, अशी त्या दोघांची समजूत होती.

बीडमध्ये खाजगी इंटरनेट तेव्हा नुकतंच आलं होतं. आमच्या मालकांनी त्याचं लायसन काढलं होतं. त्याआधी ते प्लॉटिंग करत. कुणाच्या तरी शेतात चुन्याच्या रेघा मारायच्या आणि त्याला नगर म्हणायचं. इंटरनेटही त्यांना तसलीच जमीन वाटे.

सही हवी होती ती आयपीच्या फॉर्मवर. नेटवरच्या प्रत्येक मशीनला एक नंबर लागतो, जगात दुसऱ्या कुणाचा नसलेला. आमच्याएवढ्या कंपनीला हे नंबर थेट मिळत नसत. पुण्याच्या ज्या मोठ्या कंपनीची लाईन आम्ही घेतली होती, तीच आपल्या साठ्यातले वापरायला देई. लाईन सोडली की नंबरही परत. जास्त हवे असतील तर आधीचे कुठे लावले ते लिहून द्यायचं. आम्हाला चौसष्ट दिले होते. वापरात होते बावीस. मालकांना आणखी एकशे अठ्ठावीस हवे होते.

एवढे लागत नाहीत, असं मी एकदा हळूच सांगितलं होतं.

"आज न्हाई लागत. घेऊन ठेवायचे. उद्या भाव येतो," ते म्हणाले.

टेलिफोनला वेटिंग होतं तेव्हा त्यांनी घरातल्या सात जणांच्या नावाने अर्ज टाकले होते. त्यातलं एक पाळण्यात होतं. फोन तीन मिळाले. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हे ते सांगत, आणि पाहुणेही कौतुकाने मान हलवत. लागतं त्याच्या दुप्पट-तिप्पट मागायचं, ही त्यांची एकूण विद्या.

उरलेले बेचाळीस कुठे लावले, याची खोटी यादी मेव्हण्याने केली. तो मॅनेजर होता, म्हणजे फिरत्या खुर्चीत बसून सुपारी कातरत असे. त्याने मला लिहायला बसवलं. "गेवराईची दालमिल, दहा. तेलगावची शाळा, चौदा. उमापूरचं जिनिंग, अठरा."

"अठराच का रं? पंचवीस कर," मालक म्हणाले.

"चौसष्टच्या वर जातेत, दाजी."

उमापूरच्या त्या कापसाच्या जिनिंगमध्ये फोनला धड टोनही येत नव्हता.

"पुण्याहून तपासतात," मी म्हटलं. तिथला इंजिनियर एकेका नंबरला जणू हाक मारून बघत असे; उत्तर आलं तर नंबर चालू.

"मग उत्तर येईल असं कर की. कॉन्व्हेंटात शिकली ना लई?" मेव्हणा म्हणाला.

आणि मी केलं. मागच्या खोलीतल्या एका जुन्या मशीनवर बेचाळीसच्या बेचाळीस नंबर चढवले. दालमिल, शाळा, जिनिंग, सगळं त्या एका डब्यात. फॉर्मच्या तळाशी तांत्रिक जबाबदार म्हणून माझं नाव, माझी सही. मालकांचं कुठेच नाही. मला पुढे याच कामात पुण्याला नोकरी करायची होती, आणि पुण्यात माझं नाव पहिल्यांदा पोचलं ते या कागदावरून. त्या दोघांना आपण काय मागतोय हेही कळत नव्हतं. मला कळत होतं. त्यामुळे त्यांच्याबद्दल वाटायची तेवढीच किळस त्या आठवड्यात मला स्वतःचीही वाटली.

मग एका दुपारी इंजिनियरचा फोन आला. मालकांनी स्पीकर लावला. तो तिकडे नंबर तपासत होता, इकडे मालक मेव्हण्याला डोळा मारत होते. तेवढ्यात लाईट गेली. इन्व्हर्टरवर राऊटर होता, मोडेम होते आणि मालकांच्या केबिनमधला पंखा होता. तो फिरत राहिला.

"तुमचा राऊटर दिसतोय," इंजिनियर म्हणाला, "पण गेवराई, तेलगाव, उमापूर तिन्ही गेले."

"लाईट गेली, साहेब," मालक म्हणाले.

"तिन्ही गावांत? एकाच सेकंदाला?"

"आमच्याकडं अशीच जाती."

मेव्हणा हसला. दहा मिनिटांनी लाईट आली, मागच्या खोलीत मशीन घरघरलं.

"आता तिन्ही एकदम आले," इंजिनियर म्हणाला. त्याचा आवाज सपाट होता. "फॉर्मवर एका मॅडमचं नाव आहे. त्यांना द्या."

मालकांनी रिसीव्हर उचलून त्यावर पंजा दाबला. "सांग त्याला, तिन्ही गावाला वायर एकच हाय म्हणून."

"बोल की," मेव्हणा म्हणाला, "आता इंग्लिश कुठं गेलं?"

मी रिसीव्हर घेतला आणि मराठीतच बोलले.

"सर, उमापूरला काही नाही. तेलगावला नाही, गेवराईलाही नाही. ते बेचाळीस नंबर इथे एकाच मशीनवर आहेत, आणि ते मी चढवलेत. मशीन इन्व्हर्टरवर नाही. तिथे पंखा लावलाय."