घरी जाण्याचा फॉर्म

सिस्टरच्या पर्समध्ये कात्री, कापूस आणि किस्से कायम भरलेले असतात. रिटायर होताना कात्री-कापूस परत केला. किस्से कोणी मागितलेच नाहीत!

ऐंशीच्या दशकात मी बोरिवलीच्या एका बारा खाटांच्या नर्सिंग होममध्ये होते. आमच्या डॉक्टरांचा हात सोन्याचा, पण पेशंटला घरी सोडायचं म्हटलं की ते दहा सबबी काढायचे.

मी म्हणायची, "सर, टाके झकास आहेत. घरी पाठवा, मी जाऊन ड्रेसिंग करते."

"घरी कोण बघणार?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

कोणी हट्ट केलाच, तर एक फॉर्म होता. वर पेशंटने सही करायची: 'डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी जात आहे.' खाली डॉक्टरांनी: 'परोपरीने समजावलं, पेशंट ऐकत नाही.' तो वाचूनच अर्ध्यांची नाडी वाढायची आणि ते मुकाट खाटेवर परत जायचे. माझा त्या फॉर्मवर भयंकर राग होता.

*

गिरणीतून रिटायर झालेले राणेतात्या हर्नियासाठी आले आणि चार दिवस धड जेवलेच नाहीत. "सिस्टरबाय, ह्या पेजेक चवच नाय!"

शेवटी फॉर्मवर सही ठोकून गेले. दुसऱ्या दिवशी मी ड्रेसिंगला गेले, तर समोर बांगड्याचं झणझणीत तिकलं आणि भाताचा डोंगर!

"डॉक्टराक सांगू नको हां, नायतर माका परत नेतले!"

मी आल्या आल्या सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "योगायोग."

*

चाळीत ड्रेसिंग म्हणजे जाहीर कार्यक्रम. एका टाक्यासाठी गेले आणि तीन बीपी, एक कानदुखी आणि एका मुलीसाठी आलेलं स्थळ बघून परतले. डॉक्टर म्हणत होते ना, घरी कोण बघणार? अख्खा मजला बघत होता!

*

गोराईच्या रोझीमावशींचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. वॉकर दाखवला की त्यांना चक्कर. त्याही सही करून गेल्या.

दोन दिवसांनी होडीने गोराईला गेले, तर खाट रिकामी! माझी तर वाटच लागली. मागच्या दारी धावले. मावशी वॉकर आपटत कोंबडीच्या मागे!

"शेजारणीच्या आवारात अंडं घालते गं ती. मी काय झोपून बघू?"

डॉक्टर या वेळी 'योगायोग' जरा हळू म्हणाले.

*

मग डॉक्टरांचंच अपेंडिक्स निघालं. त्यांच्या सर्जन मित्राने आमच्याकडेच ऑपरेशन केलं. खाट नंबर चार.

दुसऱ्याच दिवशी कुरकुर सुरू. पंखा वाजतो. पेजेला चव नाही. "आणि पहाटे पाचला उठवून ताप बघायचा, हा नियम कुठल्या शहाण्याने केला?"

"तुम्हीच, सर."

तिसऱ्या दिवशी मित्र म्हणाला, "अजून दोन दिवस थांब." तो वळताच डॉक्टरांनी मला खुणावलं. "सिस्टर, तो फॉर्म आणा."

"पण सर, घरी कोण बघणार?"

"तुम्ही येणार ना ड्रेसिंगला?"

त्यांनी वर सही केली. मग सवयीने पेन खाली नेलं आणि 'परोपरीने समजावलं, पेशंट ऐकत नाही' याच्यापुढेही झोकात सही केली.